फरार की करार? : फौजदारी दफ्तरातील आपली माणसे

गुन्हेगारांच्या यादीत आपल्या पूर्वजाचे नाव सापडावे, अशी इच्छा सहसा कोणी धरीत नाही. परंतु २०२३ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठवाड्यात असंख्य घरांनी ती धरली. मराठा समाजातील पात्र व्यक्तींच्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने त्या वर्षी ७ सप्टेंबरला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जी कागदपत्रे तपासावयाची होती, त्यांत महसुली पत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदी व शाळांची प्रवेशपुस्तके तर होतीच. पण त्यांच्याबरोबर पोलिसांच्या गाववार वह्या, गुन्ह्यांची रजिस्टरे, अटकेचे पंचनामे आणि तुरुंगातील कच्च्या-पक्क्या कैद्यांच्या वह्या यांचाही समावेश होता. ऑक्टोबरअखेरीस समितीच्या पहिल्या अहवालाच्या वेळी शासनाने आकडे सांगितले. १ कोटी ७२ लाखांहून अधिक नोंदी तपासल्या, त्यांत ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या. म्हणजे सुमारे दीड हजार नोंदींमागे एक.

आरक्षणाच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांला त्या दिवसांत जाणवली ती वेगळीच गोष्ट. ज्या वहीत आजोबा-पणजोबांचे नाव निघू नये म्हणून एके काळी घरातल्या बायका देवाला नवस करीत, त्याच वहीत ते निघावे म्हणून नातवंडे कचेरीच्या ओट्यावर ताटकळत उभी होती. आणि नाव निघाले, तरी ते वाचणार कोण? कागद मोडीत, उर्दूत, क्वचित फारसीत. शासनालाही या लिप्या जाणणारी वृद्ध माणसे शोधीत फिरावे लागले. आमच्या किनवटातही घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या. आमचीही उघडली. तिच्या तळाशी असलेल्या एका कागदाची हकिकत सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

•

किनवटचे स्थान प्रथम ध्यानात घ्यावे लागेल. उत्तरेस पैनगंगा वाहते, नदीपलीकडे विदर्भ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि तेव्हापासून ही नदी दोन राज्यकारभारांची सीमा झाली. पलीकडे इंग्रजांची ताजिराते हिंद लागू झाली. अलीकडे 'सरकार-ए-आली'चा, म्हणजे निजामाचा, स्वतंत्र कायदा, स्वतंत्र पोलीस आणि स्वतंत्र न्यायालये होती. अलीकडे गुन्हा करून रात्रीतून नदी ओलांडली की इकडच्या अमिनाचे हात तोकडे पडत, आणि तिकडच्या गुन्हेगाराला इकडचे जंगल आसरा देई. 'पलीकडे जाणे' या शब्दाला आमच्या भागात म्हणून एक खास अर्थ होता.

त्यात आणखी एक गुंता आहे. किनवट तालुका आज नांदेड जिल्ह्यात असला तरी १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ आणि राजुरा तालुका यांच्यासह तो त्या वर्षी मुंबई राज्याला जोडला गेला. माणसे जागची हलली नाहीत, पण त्यांची दफ्तरे वाटली गेली. किनवटच्या माणसाने पणजोबांचा कागद शोधावयाचा तर तो नांदेडला निघेल, आदिलाबादला निघेल, की हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात निघेल, हे आधी सांगता येत नाही. इथला रहिवासी घरात गोंडी, कोलामी, बंजारी किंवा मराठी बोले. बाजारात मराठीला तेलुगूची जोड असे. आणि त्याच्यावरचा आरोप मात्र उर्दूत लिहिला जाई. १८८४च्या सुमारास हैदराबाद राज्याच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्याआधीचे कागद फारसीत आहेत आणि गावपातळीवरचे कुलकर्ण्यांचे कागद मोडीत. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचा माग घ्यावयाचा तर तीन लिप्यांचे दरवाजे उघडावे लागतात.

•

आमच्या घरचा कागद म्हणजे एका फौजदारी मुकदम्याच्या वहीतील उताऱ्याची नक्कल. ती आजोबांनी कधीतरी जमिनीच्या कामासाठी मिळवली होती. आमच्या पणजोबांविषयी घरात एकच वाक्य बोलले जाई : "ते पलीकडं गेले." कुठे, कधी, कशासाठी, हे विचारले की आजी विषय बदलीत असे. थोडे मोठे झाल्यावर इतरांकडून कळले ते असे. पणजोबांवर चोरीचा आळ आला, सजा झाली, आणि ते तुरुंगातून निसटून नदी ओलांडून वऱ्हाडात पळाले. तिकडे त्यांनी दुसरे घर केले असावे, असेही कोणी कुजबुजे. आजोबांनी ती नक्कल एका मुन्शीला दाखवली होती. त्याने बराच वेळ न्याहाळून शेवटच्या रकान्यात बोट ठेवले व म्हणाला, "फरार लिहिलंय." आजोबांनी नक्कल घडी करून पेटीत टाकली, ती पुन्हा काढली नाही.

पणजी मात्र मरेपर्यंत कुंकू लावीत होती. नवरा मेल्याची खबर नव्हती. तो पळाला होता एवढेच तिला ठाऊक होते. गावाने तिला सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला कधी बोलावले नाही आणि विधवा म्हणून दयाही दाखवली नाही. त्या एका शब्दावर तिचे चाळीस वर्षांचे आयुष्य टांगलेले होते.

•

२०२३च्या दिवाळीनंतर आम्ही ती नक्कल किनवटातील एका वयोवृद्ध, निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेली. गुरुजींनी आधी एक अट घातली. "तुम्हांला काय हवंय ते मला सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर मला तेच दिसेल." आम्ही गप्प राहिलो. जुना कागद वाचण्याच्या शास्त्रातला हा पहिला धडा, आणि पुढे आम्हांला कळले की तोच सर्वांत अवघडही आहे.

दफ्तरी उर्दूचे लेखन बहुधा 'शिकस्ता' वळणाचे असते. शिकस्ता म्हणजे मोडलेले. लिहिणाऱ्याचा हात भरधाव चाले, म्हणून जी अक्षरे एरवी सुटी लिहावयाची तीही जोडली जात आणि टिंबे गाळली जात. उर्दू लिपीत टिंब हा अलंकार नसून अक्षराचा प्राण असतो. बे, पे, ते, नून, ये ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की त्यांचा एकसारखाच लहान दात उरतो. टिंब एक की दोन, वर की खाली, यावरून अक्षर ठरते. टिंब गेले की पाच अक्षरे एक होतात. त्यात ऱ्हस्व स्वर लिहिण्याची पद्धत नाही. 'ण' आणि 'ळ' यांना अक्षरच नाही. ती 'न' आणि 'ल' होऊन येतात. आमच्या गावाचेच नाव घ्या. काफ, नून, वाव, टे अशी चार अक्षरे. ती 'किनवट' अशी वाचता येतात, तशीच 'कनोट' किंवा 'कनूट' अशीही वाचता येतात. गाव ठाऊक असलेल्यालाच ते गाव वाचता येते. 'कुणबी' हा शब्दही तसाच. काफ, नून, बे, ये. टिंबे नसली तर मधले दोन दात कशाचे, हे फक्त संदर्भ सांगतो. त्या शरद ऋतूत किती डोळे अशा दोन दातांवर खिळले असतील!

मोडीची अडचण वेगळ्या जातीची. तेथे आधी पानभर शिरोरेषा ओढली जाते आणि अक्षरे तिला लटकवीत बोरू न उचलता मजकूर पुढे नेला जातो. शब्द कोठे संपला याची खूण नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. 'मौजे'चे 'मौ', 'परगणे'चे 'प' आणि त्यापुढे दोन उभ्या रेघा, असे संक्षेप जागोजाग असतात. निरक्षर माणसाची सही नसे. कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढली जाई. ती नांगराची निशाणी मात्र कोणालाही वाचता येते.

आपल्यापैकी अनेकांनी धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या जुन्या वह्या चाळल्या असतील. तेथे लिहिणारा धर्मगुरू बहुधा त्या कुटुंबाला ओळखीत असे. साक्षीदार, धर्ममातापिता, सारी आपली माणसे. फौजदारी वही तशी नसते. तिथला कारकून परका, त्याची भाषा परकी, आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे तो समोर बेडी घालून उभा. तो आपले नाव पुटपुटतो, कारकून त्याला ऐकू आले ते लिहितो. नाव चुकले म्हणून दुरुस्ती मागण्याची त्याची प्राज्ञा नसते.

•

गुरुजींनी पहिला दिवस आमच्या पणजोबांच्या नोंदीकडे पाहिलेही नाही. त्या नक्कलेवर आणखी चार जणांच्या नोंदी होत्या. त्यांनी त्या वाचल्या. प्रत्येक रकान्याचे शीर्षक त्यांनी आमच्याकडून वहीत देवनागरीत उतरवून घेतले. नाम, वल्दियत, कौम, उम्र, सकूनत, जुर्म, दफा, सजा, कैफियत. हे शब्द ऐकताना आम्हांला त्यांत परकेपणा वाटला नाही. वल्द, साकिन, दफा, जामीन, मुचलका, पंचनामा, फैसला, कैद, बेडी. मराठी कोर्टकचेरीची निम्मी शिदोरी याच दुकानातली आहे. 'मुलजिम' म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, आणि 'मुजरिम' म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो. या दोहोंतला फरक न जाणता कितीतरी घरांनी आपल्या निर्दोष सुटलेल्या आजोबांना गुन्हेगार ठरवले असेल. 'कैद-ए-महज' म्हणजे साधी कैद, 'बामशक्कत' म्हणजे सक्तमजुरीची.

मग तारखा. हैदराबाद राज्याच्या कागदांवर फसली सन असे. तो ऑक्टोबरच्या प्रारंभी, आजूर महिन्याने सुरू होई. नंतर दय, बहमन, इस्फंदार असे करीत आबानने वर्ष संपे. म्हणून आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत ५९० मिळवावयाचे आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेत ५९१. हा एका वर्षाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्यापायी नातू आजोबांचा जन्म बापाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी झाल्याचे गणित मांडून बसतो. मोडी कागदांत शुहूर सन आला तर हिशेब पुन्हा निराळा. तेथे ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि आकडाही 'सलास', 'अर्बा', 'खमस' असा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. उर्दू अंकांतील दोन आणि तीन यांच्यात एका दातेरी वळणाचा फरक आहे, आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. शाईचा शिंतोडा शून्य होतो, आणि शून्य वाळवीच्या पोटात जाते.

कारकुनाचा हात ओळखणे हे या कामाचे खरे मर्म, असे गुरुजी सांगत. प्रत्येक लिहिणाऱ्याच्या काही सवयी असतात. कोणी दोन टिंबांऐवजी आडवी रेघ मारतो, कोणी रेची शेपटी पुढच्या अक्षरात गुंतवतो. ज्या शब्दाविषयी शंका नाही, अशा शब्दांतून त्या सवयी शिकावयाच्या आणि मग शंकेच्या शब्दाकडे वळावयाचे. गावाचे नाव, महिन्याचे नाव, ठरीव कायदेशीर वाक्ये ही त्यासाठी उत्तम. माणसाचे नाव सर्वांत शेवटी. कारण नावाला व्याकरण नाही, तेथे अंदाज करावयास मोकळे रान मिळते.

•

आम्ही बसलो असतानाच शेजारच्या खेड्यातला एक तरुण आपला कागद घेऊन आला. त्याच्या खापरपणज्याला जंगलातील लाकूड तोडल्याबद्दल दंड झाला होता. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या जात असताना आदिलाबाद भागातील गोंड, कोलाम यांच्यावर अशा नोंदींचा पाऊस पडला. पिढ्यानपिढ्या जे शेत म्हणून कसले ते एका सकाळी सरकारी जंगल ठरले, आणि कसणारा चोर ठरला. याच असंतोषातून कोमराम भीम यांचा लढा उभा राहिला व १९४० साली जोडेघाट येथे त्यांचा अंत झाला. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांना या भागाच्या पाहणीसाठी पाठवले. आपल्यावरचा कागद आपल्याला वाचता येत नाही, हे आदिवासींच्या नागवणुकीचे एक मोठे कारण त्यांनीही नोंदवले.

तरुणाला हवा होता तो कौमचा रकाना. जमातीच्या दाखल्यासाठी १९५०पूर्वीचा पुरावा वजनदार मानला जातो, कारण अनुसूचित जमातींची राष्ट्रपतींची अधिसूचना ६ सप्टेंबर १९५०ची आहे. गुरुजींनी भिंग लावले. गाफ आणि वाव स्पष्ट होते. शेवटचे अक्षर डाल. प्रश्न मधला होता. वाव आणि डाल यांच्यामध्ये नूनचा दात असेल तर शब्द 'गोंड'. नसेल तर 'गौड', म्हणजे ताडी काढणारी निराळी जात. तेथे एक बारीक उंचवटा होता खरा. पण तो नूनचा दात की बोरू अडखळल्याची खूण, हे गुरुजींना ठरवता येईना. त्या कारकुनाने लिहिलेला दुसरा 'गोंड' त्या पानावर नव्हता.

"वाचता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"गोंडच आहोत आम्ही, गुरुजी. घरी गोंडी बोलतो."

"तू आहेस रे बाबा. मला शंका नाही. पण हा कागद तसं म्हणतो, असं मी लिहून देणार नाही. मूळ वही शोध, त्याच कारकुनाची आणखी दहा पानं आण. मी रात्रभर बसेन."

तरुण खिन्न होऊन निघाला. आम्हांला गुरुजींचा थोडा रागही आला. एका दातासाठी काय एवढे! नंतर विचार करता वाटले, की ज्या माणसाने वाचता न येणारे 'वाचता येत नाही' म्हटले, त्याच्याच वाचनावर आम्हांला आमचा कागद सोपवता येणार होता. महिन्याभराने तो तरुण दुसऱ्या पानांच्या छायाप्रती घेऊन आला. तेथे 'गोंड' हा शब्द सात वेळा होता, आणि सातही वेळा नूनवरचे टिंब कारकुनाने डालच्या डोक्यावर सरकवलेले होते. पहिल्या कागदावरही डालच्या डोक्यावर एक टिंब होते. आम्ही ते शाईचा डाग समजलो होतो.

•

गुन्ह्याची नोंद लाजेची की अभिमानाची, हे काळ ठरवतो. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियाला पाठवले. त्यांच्या वंशजांनी कित्येक पिढ्या ती गोष्ट लपवली. पुढे वारे फिरले, आणि आज कैदी पूर्वज सापडला की तिकडे आनंद होतो. त्या कैद्यांच्या नोंदवह्यांना २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात स्थान मिळाले. आपल्याकडूनही माणसे गेली. मुंबई व बंगाल इलाख्यांतील कैदी १८१५पासून मॉरिशसला रस्ते बांधण्यासाठी धाडले गेले. १८३६ साली तेथे उतरलेल्या चार्ल्स डार्विनने त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांची नोंद केली आहे. १८५८च्या मार्चमध्ये अंदमानची वसाहत सुरू झाली. १७ जुलै १८५७ला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेल्यांपैकी मौलवी अल्लाउद्दीन आणि नानासाहेब पेशव्यांच्या वतीने मराठवाड्यात उठावाची जुळवाजुळव करणारे रंगराव पागे यांनाही तेच काळे पाणी मिळाले. कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर क्रमांक, कलम, सजेची तारीख. माणसाचे सारे चरित्र तेवढेच.

गोव्यातील कॅथलिक समाजालाही हे नवे नाही. १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला गेलेला कट उघडकीस आला. त्यात धर्मगुरूही होते. १३ डिसेंबर १७८८ रोजी पंधरा जणांना पणजीत देहान्त शासन झाले आणि धर्मगुरूंना लिस्बनला नेण्यात आले. राजद्रोही म्हणून त्या नावांवर सावट राहिले. १८७५ साली कुन्या रिव्हारा यांनी मूळ कागद वाचून त्या प्रकरणावर पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्या घराण्यांचा इतिहास बाजारगप्पांतून बाहेर निघून कागदावर आला.

आमच्या नांदेड जिल्ह्यातले उदाहरण तर अगदी कालचे. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली व तो पैसा लढ्यासाठी दिला. निजामाच्या पोलिसांच्या वहीत तो दरोडा. लोकांच्या तोंडी ते शौर्य. पुढे १९७२ साली केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली. तीत सहा महिन्यांच्या कारावासाचा पुरावा मागितला जाई. मग जे तुरुंगात गेले होते ते म्हातारे वरंगळ, गुलबर्गा, औरंगाबाद येथील तुरुंगांच्या वह्यांत आपलेच नाव शोधू लागले. ज्यांचे नाव कारकुनाने वेडेवाकडे लिहिले होते, त्यांना आपणच ते आहोत हे पटवून देता देता उरलेले वय सरले.

तथापि प्रत्येक कैदी पूर्वज वीर नसतो, हेही सांगितले पाहिजे. काहींनी खरोखर चोऱ्या केल्या, काहींनी खून केले. आपल्या माणसाला घाईने हुतात्मा करणे हे त्याला घाईने चोर म्हणण्याइतकेच खोटे आहे. वहीत काय लिहिले आहे ते आधी नीट वाचावे.

•

तिसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या नोंदीकडे वळले. नाव, बापाचे नाव, गाव जुळले. जुर्म : साहुकाराचे पेव फोडून ज्वारी नेणे. माल : एक मण. सजा : सहा महिने, बामशक्कत. तारीख : खुर्दाद १३०९ फसली.

गुरुजी थांबले. "मिळवा पाहू ५९१."

१९००चा एप्रिल. आम्ही एकमेकांकडे पाहिले. १८९९च्या पावसाने दगा दिला आणि मराठवाड्यासह अर्धा हिंदुस्थान होरपळला, तो हा काळ. संवत् १९५६, म्हणून जुनी माणसे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. वहीत दुष्काळ हा शब्द कोठेही नाही. वहीला रकाना असतो जुर्माचा, भुकेला नसतो. पण त्या नक्कलेवरच्या पाचही नोंदी धान्याच्या होत्या, आणि पाचही त्या एका उन्हाळ्यातल्या. इतकी वर्षे आम्ही सालच वाचलेले नव्हते.

मग शेवटचा रकाना. मुन्शीने बोट ठेवलेला शब्द. फे, रे, अलिफ, रे, फरार. गुरुजींनी कागद उजेडात तिरपा धरला. 'फे'वर एक टिंब असते आणि तसल्याच आकाराच्या 'काफ'वर दोन. येथे टिंब नव्हते, होती एक आखूड आडवी रेघ. त्यांनी आमच्या वहीतले पहिल्या दिवसाचे पान उघडावयास सांगितले. हा कारकून दोन टिंबांऐवजी आडवी रेघ मारतो, असे आम्हीच लिहून घेतले होते. त्याच नक्कलेत चौथ्या नोंदीतला माणूस खरोखर पळाला होता. त्याच्यापुढे याच हाताने 'मफरूर' असे लिहिले होते, 'फरार' नव्हे. घडीच्या रेषेत शब्द चिरला होता. घडी हलकेच उलगडताच पुढची अक्षरे वर आली : दाल, अलिफ, दाल. आणि त्यापुढे, 'जुर्म'.

"फर्द करारदाद जुर्म," गुरुजींनी वाचले. "आरोप ठेवल्याचा कागद. तुमचे पणजोबा पळाले नाहीत. ते कोर्टापुढे उभे होते. त्यांच्यावर आरोप वाचून दाखवला गेला, त्याची ही नोंद."

रकान्याच्या तळाशी आजोबांनी फाटू नये म्हणून पतंगाच्या कागदाची पट्टी चिकटवली होती. ती ओल्या कापसाने सोडवली. खाली दोन शब्दांची, फिकट शाईतली, नंतर लिहिलेली ओळ होती. 'फौत', आणि त्यापुढे 'महबस'. तुरुंगात मृत्यू. महिना अमरदाद, म्हणजे जून-जुलै १९००. पावसाळा सुरू झाला होता. कारण लिहिलेले नाही. घरच्यांना खबर दिल्याची नोंद त्या पानावर नाही.

गुरुजींनी भिंग खाली ठेवले आणि डोळे पुसले. म्हातारपणामुळे की कशामुळे, आम्ही विचारले नाही.

•

त्या दुरुस्तीने कोणाचे काय भले झाले, असे आम्हांला काहींनी विचारले. दाखला मिळाला नाही; तो आम्ही मागतही नव्हतो. पणजोबांनी ज्वारी नेली होती, ते कागद सांगतो आणि आम्ही ते नाकारीत नाही. घरातली मुले विचारतात तेव्हा आम्ही सांगतो : दुष्काळात त्यांनी साहुकाराचे पेव फोडले, एक मण ज्वारी घरी आणली, पकडले गेले, सजा भोगताना गेले. ते मूल जगले म्हणून आपण आहोत. ते मूल म्हणजे आमचे आजोबा. तेव्हा पाच वर्षांचे होते.

अशा नकला अजून कित्येक घरांत आहेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरे घेऊन जाते. त्यांच्यावर पेनाने अर्थ लिहू नयेत. घडी शक्य तर उलगडून, दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवावी. आधी छायाप्रत काढावी आणि वाचणाऱ्याच्या हाती तीच द्यावी. मूळ कागद शंका पडेल तेव्हा दाखवावा. एकाच माणसाच्या वाचनावर विसंबू नये. आणि वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत, हे विसरू नये. आमच्या गुरुजींकडे आता दोन मुली शिकस्ता शिकावयास येतात. त्यांतली एक त्या गोंड तरुणाची बहीण आहे.

आजीच्या तोंडचे "ते पलीकडं गेले" हे वाक्य आम्ही खोटे मानीत होतो, नंतर लपवाछपवीचे मानू लागलो. आता वाटते, तिच्या सासूला कोणी कधीच काही सांगितले नव्हते; तिने नदीकडे पाहून आपल्यापुरता एक शब्द शोधला, आणि त्याच्या आधाराने कुंकू लावीत ती जगली. गेल्या नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी आमच्या घराच्या यादीत दोन नावे प्रथमच शेजारीशेजारी लिहिली. पणजीचे नाव तेथे आधीपासून होते.